अर्ध्या टाकीचा नियम

२१ जून, शनिवार

तोहिरचा फोन. येतोय! तीन वर्षांनी येतोय पोरगा. रशियातल्या ठेकेदाराने एकदाची दहा दिवसांची सुट्टी दिली. ६ जुलैला दुपारी दोनला विमान ताश्कंदला उतरणार. मी तिथल्या तिथे सांगून टाकलं, घ्यायला मी येणार, आपल्या गाडीने.  तो म्हणाला, बाबा, आपल्या गल्लीतले गोफुर-अका रोज टॅक्सी घेऊन ताश्कंदला येतातच, त्यांच्याबरोबर येईन की. म्हटलं, बाप जिवंत असताना मुलगा भाड्याच्या गाडीतून घरी येणार? अख्ख्या कोकंद गावाने माझ्या तोंडात शेण घालायला हवंय का? म्हणाला, बरं बाबा.

मस्तुरा आनंदाने रडली. मग डोळे पुसून म्हणाली, अहो, तोहिरचे बाबा, आणि पेट्रोल?

बायको असावी तर अशी. जन्म गेला माझा तेलगिरणीत सरकीच्या तेलाचं कोठार सांभाळण्यात. पातळ माल उन्हात फुगतो, थंडीत आकसतो, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. आणि ही मला विचारते.

तो गेला तेव्हाही मीच सोडणार होतो. ऐन वेळी पंपावर टँकर खाली होत होता. टँकर खाली होताना तळाचा गाळ वर येतो, तो बसेपर्यंत भरू नये. मी गाळ बसायची वाट पाहत थांबलो आणि तोहिर गोफुरच्या टॅक्सीने निघून गेला. चूक टँकरची. घरात मात्र अजून माझ्या नावाने खडे फोडतात.

जाताना त्याने चावा घेतलेला नान अजून भिंतीवर खिळ्याला लटकतोय. आल्यावर त्यानेच संपवायचा. दगड झालाय, पण रीत ती रीत.

संकल्प: या वेळी तयारी आधीपासून.

२३ जून, सोमवार

पेट्रोलचा काटा पाव टाकीवर आहे. म्हणजे घाई नाही.

जेवताना मस्तुराला शास्त्र समजावलं. टाकी अर्ध्याच्या वर भरू नये, विनाकारण वजन वाढतं आणि ते वजन ओढायलाच पेट्रोल जातं. अर्ध्याच्या खालीही जाऊ देऊ नये, रिकाम्या जागेत हवा शिरते, हवेचं पाणी होतं. तिने विचारलं, मग भरायचं तरी कधी? म्हटलं, हेच तर लोकांना कळत नाही. ती ताटं उचलून निघून गेली. शहाण्याला शब्दाचा मार म्हणतात. हिला तोही लागत नाही.

२५ जून, बुधवार. पहाटे

पहाटे पेट्रोल गार असतं, म्हणजे दाट. दाट म्हणजे तेवढ्याच मापात जास्त. उजाडायच्या आत पंपावर हजर. माझ्या आधी कुणी नाही! मनात म्हटलं, बघा, नुमोन कोठारीच्या आधी कोण येणार.

पंप बंद होता. पंपवाला आत घोरत होता. काचेवर टकटक केली. तो उठला, तोंड धुतलं, चहा टाकला, प्यायला, मला एकदाही विचारलं नाही. मशीन चालू केली तोवर ऊन गाडीच्या टपावर आलेलं. असल्या फुगलेल्या पेट्रोलला मी हात लावत नाही. परत आलो. येता-जाता थोडं जळलं. तत्त्वासाठी जळलं, हरकत नाही.

२८ जून, शनिवार

चहाखान्यात गोफुर भेटला. माझ्याहून लहान, पण बोलायला लागला की माझा आजोबाच वाटतो. त्याच्या टॅक्सीला गॅसची टाकी बसवलेली आहे. आमच्या गल्लीत सगळ्यांनी बसवली, मी सोडून. गॅसने इंजिन सुकतं. हे मी त्याला तिसऱ्यांदा सांगितलं. तो म्हणाला, नुमोन-अका, माझी सुकलेली गाडी रोज घाट चढते. तुमची ओली गाडी अंगणातल्या द्राक्षाच्या मांडवाखालून निघेल तेव्हा सांगा.

सगळे हसले. मी हसलो नाही.

मग म्हणाला, मला तहान लागली की मी पाणी पितो, गाडीला लागली की तिला पाजतो. पेट्रोल काय खरबूज आहे का, वास घेऊन निवडायला? पुन्हा सगळे हसले. उठून आलो. गाढवाला गुळाची चव काय.

१ जुलै, मंगळवार

मंगळवार. चांगल्या कामाला निघायचा वार नव्हे. गेलो नाही.

गाडी द्राक्षाच्या मांडवाखाली लावली, सावलीत आतलं पेट्रोल शांत राहतं. टाकीच्या झाकणावर ओलं फडकं बांधलं. ते वाळलं की मस्तुराने भिजवायचं, असं ठरलं. दुपारी पाहतो तर फडकं कोरडं. विचारलं तर म्हणाली, तुमच्या गाडीला ताप आलाय का, पट्ट्या ठेवायला?

थकलो. एकट्याने किती बघायचं माणसाने.

३ जुलै, गुरुवार

भरलं! लिहून ठेवतो, कारण या घरात कौतुक करायला कुणी नाही.

पहाटे गेलो. पंपवाला जागा होता, रांग लहान होती. त्याला म्हटलं, खटका हळू दाब बाळा, जोरात दाबलास की वाफ होते आणि वाफेचे पैसे मी देतो. त्याने माझ्याकडे पाहिलं आणि हळू दाबला. हळू म्हणजे इतका हळू की मागचे भोंगे वाजवायला लागले. मग मागच्या दोघांना म्हटलं, जरा गाडी हलवा, धान्याचं माप हलवलं की जास्त मावतं, तसंच हे. एकाने हलवली. दुसरा म्हणाला, अका, हलवतो, पण मग ढकलतच बाहेर नेतो. हल्लीच्या लोकांना मोठ्यांचा मान नाही.

शेवटी पाइप उचलून धरला, त्यातले थेंब माझेच असतात. काटा बरोब्बर अर्ध्यावर. ना वर, ना खाली. असा काटा बघायला नशीब लागतं.

येताना जरा वाट वाकडी केली. बहिणीला सांगितलं, मेहुण्याला सांगितलं, जुन्या कोठारातल्या मित्राला सांगितलं, की तोहिरला आणायला मी स्वतः जातोय. इंजिनाचेही पाय मोकळे झाले.

५ जुलै, शनिवार. संध्याकाळ

उद्या.

दाढी केली. टोपी धुतली. मस्तुरा सकाळपासून चुलीपुढे आहे, गाजरं चिरतेय, तांदूळ निवडतेय, मधेच भिंतीवरच्या नानकडे बघतेय.

काटा पुन्हा पावावर. मित्र दूर राहतात हा काय माझा दोष? मस्तुरा म्हणाली, आत्ता भरून या ना, पंप उघडा आहे. म्हटलं, दिवसभराचं ऊन जमिनीतल्या टाकीत मुरलेलं असतं, संध्याकाळचं पेट्रोल म्हणजे सगळ्यात पातळ. उद्या पहाटे भरतो आणि तसाच पुढे निघतो. ती म्हणाली, अहो, एकदा तरी माझं ऐका, पोरगा वाट बघेल. 

मी म्हटलं, बघत नाही. मी आधीच उभा असेन.

६ जुलै, रविवार. सकाळ, रस्त्याच्या कडेला

घडलं ते शांतपणे लिहितो.

निघताना मस्तुराने इसिरिकची वाळकी झुडपं डब्यात पेटवून गाडीभोवती धूर फिरवला. गावभर सांगत फिरलात, म्हणाली, नजर लागली असणार. हे मला पटलं. काटा अर्ध्यावरून पावावर दुसऱ्या कशाने येईल? म्हटलं, आतूनही धूर दे. तिने दिला आणि डबा बाहेर काढायला लागली. मी अडवलं. एवढा लांबचा प्रवास, घाट, बोगदा. डबा मागच्या सीटच्या पायाशी ठेवला आणि काचा वर केल्या. म्हणजे धूर चांगला मुरेल. ती म्हणाली, अहो, डबा काढा. मी म्हटलं, नजर काय मोहल्ल्याच्या कमानीपाशी थांबते?

पंपावर माझा नंबर आला. पंपवाल्याने नळी हातात घेतली, गाडीकडे पाहिलं. सगळ्या काचा पांढऱ्या. मी दार उघडलं तर माझ्या आधी धूर बाहेर आला. त्याने नळी टाकली आणि जिवाच्या आकांताने ओरडला. रांगेतल्या सगळ्या गाड्या एकदम मागे. एक शूरवीर लाल बादली घेऊन धावत आला आणि मागचं दार उघडून बादलीभर वाळू आत. मी ओरडतोय, अरे इसिरिक आहे, इसिरिक, नजर लागू नये म्हणून! पंपवाला म्हणाला, अका, नजर कसली लागतेय, आगच लागेल!

चार जणांनी गाडी ढकलत फाटकाबाहेर काढली. पुन्हा इथे दिसू नका म्हणाले.

वाळू मागच्या सीटवर पडली आहे, तोहिर बसणार तिथेच. झटकली, निघेना. खोकला येतोय.

हरकत नाही. रस्त्यात पंप खूप आहेत.

त्याच दिवशी, चहाच्या टपरीवर

पहिला पंप लागला. टँकर खाली होत होता. पंधरा-वीस गाड्या बिनदिक्कत भरत होत्या. लोकांना इंजिनाची दया नाही. मी थांबलो नाही. तत्त्व एकदा सोडलं की माणूस घसरतच जातो.

दुसरा पंप लागला तेव्हा ऊन डोक्यावर. मशीनला हात लावून पाहिला, चटका बसला. यातून काय येणार, वाफ? पंपवाला म्हणाला, पुढे घाटात पंप नाही, काका. म्हटलं, काट्याच्या खाली नेहमी थोडं राखून ठेवलेलं असतं. गाडी बनवणारा काय वेडा असतो? तो म्हणाला, तो नसतो.

फोन बंद ठेवला आहे. विमानतळावर लागेल, तेव्हा चार्ज हवा.

त्याच दिवशी, कामचिक घाट

गाडी थांबली. थांबवली म्हणू. चढाला इंजिनाला विश्रांती द्यावी लागते.

बॉनेट उघडून ठेवलं, थंड होऊ दे. काटा खाली टेकला आहे, पण काटा खोटं बोलतो, हे सगळ्यांना माहीत आहे. किल्ली फिरवली. घुर्र झालं, मग नुसतं टिक. गाडी जरा हलवली, कोपऱ्यात साठलेलं मधे यावं म्हणून. पुन्हा टिक.

रस्त्याच्या कडेला दह्याच्या वाळवलेल्या गोळ्या विकणारी बाई बसली होती. म्हणाली, काय झालं अका? म्हटलं, काही नाही, हवा खातोय. तिने मूठभर गोळ्या हातावर ठेवल्या. म्हणाली, हवेने पोट भरत नाही.

आता फोन करावा म्हणून चालू केला. एकही रेघ नाही. डोंगर आडवा.

दोन वाजून गेले. उतरला असेल. बाहेर दाराशी माणसांची गर्दी असते, प्रत्येक जण आपापल्या माणसाला शोधत असतो. तो टोपी शोधत असेल माझी. मी तीच घालून येणार, असं सांगितलं होतं त्याला.

उगाच धुतली टोपी.

७ जुलै, सोमवार

काल पुढचं लिहायचं राहिलं. आज लिहितो, मग पुन्हा या विषयावर लिहिणार नाही.

ऊन कलायला लागलं होतं. वरून, ताश्कंदच्या बाजूने येणारी एक गाडी पुढे जाऊन थांबली. दाढीवाला, खांद्याला पिशवी, बारीक झालेला एक माणूस रस्ता ओलांडून माझ्याकडे येऊ लागला. दिवसभर असे चार-पाच जण विचारून गेले होते, मला वैताग आला होता. मी लांबूनच हात हलवला. म्हटलं, जा बाबा, जा पुढे, गाडी ठणठणीत आहे, मदत नको मला.

तो थांबला. म्हणाला, बाबा, मी आहे.

मी ओळखलं नाही त्याला. स्वतःच्या पोराला ओळखलं नाही.

मागे गोफुर उभा. माझा फोन लागेना म्हणून मस्तुराने त्याला फोन केला होता, तो ताश्कंदलाच होता. त्याने विमानतळावरून तोहिरला घेतलं. गोफुर एक शब्द बोलला नाही. चहाखान्यात तासन् तास बोलणारा माणूस, आणि काल नेमका गप्प. त्यापेक्षा चार चपला मारल्या असत्या तरी चाललं असतं.

त्याने दोर काढला, माझी गाडी त्याच्या मागे बांधली आणि आम्हाला सावकाश उतारावर नेलं. तोहिर स्टिअरिंगला, मी शेजारी. पंप आला. वाटेतला तोच दुसरा. आता तिथेही टँकर खाली होत होता, मशीन अजून तापलेली. तोहिर खाली उतरून म्हणाला, फुल. माझ्या तोंडात शब्द आला होता. गिळला. पंपवाल्याने खटका पूर्ण दाबला, टाकी काठोकाठ भरली, कुणी गाडी हलवली नाही, कुणी पाइप उचलून धरला नाही. किल्ली फिरवली. पहिल्या फिरवण्यात चालू.

वाटेत तो मागे वळून म्हणाला, सीटवर वाळू कसली? म्हटलं, मोठी गोष्ट आहे. म्हणाला, बरं. आणि हसला. लहानपणी हसायचा तसाच.

घरी मस्तुरा दारात. तिने त्याला कितीतरी वेळ सोडलं नाही. मग भिंतीवरचा नान काढला, चहात बुडवला, तरी मऊ होईना. तोहिरने तसाच कडाकडा चावून खाल्ला. म्हणाला, आई, दात जातील, पण रीत राहील. सगळे हसलो. मीही हसलो.

भात गार झाला होता.

११ जुलै, शुक्रवार

तोहिर रोज गाडी काढतो. आईला आत्याकडे नेतो, बाजारात नेतो, मशिदीत नेऊन मला परत आणतो. भर दुपारी भरतो. काल टाकी पाऊण असताना वर आणखी भरलं! विचारलं, का रे? म्हणाला, पंप दिसला म्हणून.

 इंजिनाचा आवाज नीट ऐकतोय. अजून तरी फरक नाही. असल्या गोष्टी वर्षांनी दिसतात.

सीट त्याने स्वतः धुतली. इसिरिकचा वास मात्र जात नाही. तो म्हणतो, राहू दे, गाडीत बसलं की आपलं घर वाटतं.

१३ जुलै, रविवार

ठरवलं. विमानतळावर सोडायला मीच जाणार. घ्यायला पोचलो नाही, सोडायला पोचेन. तो बुधवारी निघतो. हातात दोन दिवस आहेत, आणि या वेळी टँकर, ऊन, वार, काही बघणार नाही.

तोहिरला अजून सांगितलं नाही. आयत्या वेळी किल्ली दाखवायची.

१५ जुलै, मंगळवार. दुपार

गेलो. मंगळवार, भर दुपार, डोक्यावर सूर्य. आमच्या पंपावर पंपवाल्याने मला ओळखलं आणि पुढे यायच्या आधीच गाडीभोवती एक चक्कर मारून आत वाकून पाहिलं. डबा नाही. मागे टँकर उभा, नळी जमिनीत घातलेली. म्हटलं, फुल. त्याला वाटलं ऐकण्यात चूक झाली. पुन्हा म्हटलं, फुल, आणि जोरात दाब.

काटा सरळ वर. माझ्या हाताने तो इतका वर कधी गेलाच नव्हता.

घरी आलो तर अंगणात तोहिर पिशवी भरत होता आणि शेजारी गोफुर चहा पीत बसला होता. उद्या पहाटे पाचला दारात येतो, असं त्याला सांगत होता. मी किल्ली मुठीत धरून उभा. तोहिर म्हणाला, बाबा, उद्या मी गोफुर-अकांबरोबर जातो. आल्याच दिवशी बोलून ठेवलं होतं. घाट मोठा आहे, तुम्ही दमता. तुम्ही निवांत झोपा.

रागाने म्हणाला नाही. रागाने म्हणाला असता तर भांडलो असतो.

म्हटलं, बरं.

गोफुर खाली बघत होता. जाताना माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाला, अका, जाऊ तुमच्या गाडीने? मी येतो बरोबर, शेजारी बसतो. म्हटलं, नको. तुझी सुकलेली गाडी रोज चढते.

१६ जुलै, बुधवार

पहाटे गेला. मस्तुराने नवा नान आणला, त्याने एक घास तोडला, बाकीचा आम्ही त्याच खिळ्याला लावला. पांढरा रस्ता मिळो तुला, म्हणून तिने टॅक्सीमागे वाटीभर पाणी ओतलं. मी मांडवाखाली गाडीला टेकून उभा होतो. त्याने काच खाली करून हात हलवला. म्हणाला, बाबा, पुढच्या वेळी तुम्हीच या हं घ्यायला. मनापासून म्हणाला की माझ्यासाठी म्हणाला, कळलं नाही.

 संध्याकाळी मस्तुरा म्हणाली, अहो, एवढी भरून ठेवलीय तर मला जरा बाजारापर्यंत तरी न्या. नेलं. कांदे घेतले, परत आलो. काटा होता तिथेच.

पुढची सुट्टी कधी, ते ठेकेदार सांगणार. ही टाकी तोवर कशी संपायची, कळत नाही.